केरबानानाचं खुराडं

दिवे लागायच्या वेळेला आमच्या शेजारच्या परसात रोज एक धोतर दिसायचं. धोतराच्या खाली दोन भेगाळलेल्या टाचा, आणि धोतराच्या वर काहीच नाही. वरचा माणूस खुराड्याच्या आत असायचा. गावात नवा आलेला पाहुणा हे बघून दचकायचा. त्याला वाटायचं, म्हातारा काहीतरी काढायला आत वाकला आणि तिथंच अडकून संपला. मग आम्हाला सांगावं लागायचं, की घाबरू नका, ते केरबानाना आहेत. पिलांना झोपायला शिकवतायत.

पाहुण्याची समजूत पटायची नाही. कोंबडीच्या पिलांना झोपायला शिकवावं लागतं हेच त्याला नवीन, आणि त्यासाठी सत्तरीच्या माणसानं स्वतः खुराड्यात शिरायचं हे तर त्याहून नवीन. मलाही ते कधी पटलं नाही. पण मी शिंपी, माझं घर नानांच्या घराला लागून, आणि दोन परसांच्या मध्ये कमरेएवढी मातीची भिंत. पटो न पटो, रोज बघणं नशिबी आलं होतं. आमच्या घरात कोंबडी सोडा, अंड्याचं टरफलही कधी आलं नव्हतं. असं असून कोंबडीच्या जातीबद्दल मला आज जेवढं कळतं तेवढं कापडाबद्दलही कळत नसेल, आणि त्याचा मला काडीचा अभिमान नाही.

एकदा न राहवून मी भिंतीवरून विचारलं, "नाना, पिलं हातानं आत टाका की. तुमी कशाला शिरता?"

आतून आवाज आला, आडातून यावा तसा. "दामू, तुला कुनी म्हणलं, त्या अंधारात जा, तर जाशील का?"

"न्हाई जाणार."

"मग ते कावून जाईल? पिलाला अंधाराचं लई भ्या असतंय. आधी आपण जायचं. आत काय बी न्हाई, हे त्येला दिसलं पायजे. मग ते आपल्या पायानं येतंय."

एवढं बोलून नाना आतल्या आत कोंबडीसारखं 'कुर्र कुर्र' करायला लागले. पिलं बाहेर उभी राहून, माना वाकड्या करून त्या टाचांकडे बघत होती. माझ्या मनात जे चाललं होतं तेच त्यांच्याही मनात चाललं असावं.

नाना पूर्वीचे गाडीवान. तरुणपणी मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडला माल न्यायचा आणि परत यायचं, हा त्यांचा धंदा. बैल म्हातारे होऊन गेले तशी गाडी मोडली, आणि त्या गाडीचं त्यांनी खुराडं केलं. दगडमातीच्या भिंती, त्याला गाडीच्या फळीचं दार, आणि आत कोंबड्यांना बसायला दांडी म्हणून बैलांच्या मानेवरचं जू आडवं घातलेलं. ज्या जुवाखाली त्यांचे बैल आयुष्यभर वाकले, त्याच्यावर आता कोंबड्या बसून झोपायच्या. नानांना त्याचं फार समाधान वाटायचं. जू रिकामं राहू नये, असं ते म्हणायचे.

शिकवण्याची पद्धत ठरलेली. कोंबडीनं पिलांना चोच मारून दूर केलं, की पिलं बेवारशी होतात. मग ती भिंतीवर, झाडावर, चुलीमागं, जिथं अंधार गाठेल तिथं झोपतात. नाना अशा पिलांना आधी काही दिवस खुराड्यात कोंडून ठेवायचे. दाणापाणी आतच. पिलं ओरडून ओरडून आमचं डोकं उठवायची आणि नाना बाहेर बसून त्यांना सांगत राहायचे, "वरडा, वरडा. हेच घर हाय. दुसरं न्हाई." मग एक दिवस त्यांना बाहेर सोडायचं, पण सकाळी नाही. सकाळी सोडलेलं पिलू दिवसभर उंडारतं आणि पोट भरलं, की घर विसरतं. ऊन पिवळं झालं, की सोडायचं, तेही अर्धपोटी. त्यांनी परसात चार चोची मारल्या, की अंधारून येतं. तेवढ्यात नाना करवंटीत ज्वारीच्या कण्या घालून खडखड वाजवायचे, खुराड्यातल्या कोनाड्यात दिवा ठेवायचे आणि स्वतः डोकं आत घालायचे. एखादं धीट पिलू त्यांच्या बगलेतून आत जायचं, मागोमाग बाकीची. जी जायची नाहीत, ती दाराशी एकमेकांच्या अंगावर ढीग करून बसायची. त्यांना नाना एकेक करून उचलायचे आणि जुवावर बसवून, पाय दांडीला धरेपर्यंत हात सोडायचे नाहीत. मारायचं मात्र कधी नाही. मारलं, की पिलाला खुराडं म्हणजे मार वाटायला लागतो, आणि एकदा तसं वाटलं, की ते जन्मात आत येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पिलं आत गेली, की फळी लावताना एकच वाक्य. "दिस कुटंबी घालवा, रात घरात."

हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की ते कुणालाही ऐकवायचे. सरकारी टपाल घेऊन पळणाऱ्या हलकाऱ्याला, बाजाराला निघालेल्या तांबोळणीला, माझ्या दुकानात बसलेल्या अनोळखी गिऱ्हाइकाला. एकदा गावातली एक पोरगी गेवराईकडं दिली होती. नवरी निघाली, बायका रडत होत्या, वऱ्हाडाच्या गाड्या जुंपलेल्या. नाना पुढं झाले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दिस कुटंबी घालव बाई, रात घरात." सासरचे लोक चिडले. नवरीला काय माघारी बोलावतोय का हा म्हातारा, म्हणून जी बोलाबोली सुरू झाली, ती दुपारपर्यंत मिटली नाही. नानांना शेवटपर्यंत आपलं काय चुकलं ते कळलं नाही.

पावसाळ्यात अर्ध्या गावाची पिलं त्यांच्याकडे शिकायला यायची. पिलू शिकून तयार झालं, की नाना ते स्वतः पोचवून द्यायचे आणि वर पंतोजीसारखं सांगायचे, "ही तुमची तपकिरी लई हुशार हाय. हा कोंबडा मंद हाय, पण मनानं चांगला हाय. त्येला वरडू नका." चांदबी तांबोळीण म्हणायची, माझ्या पोरांबद्दल आजवर कुणी इतकं बरं बोललं नाही.

नानांच्या शाळेत नापास झालेली एकच. लांडी. तिला शेपूट नव्हतं, आणि अक्कलही नसावी. नानांनी तिला कोंडलं, उपाशी ठेवलं, दिवा दाखवला, तिच्यासाठी खुराड्यात शिरून त्यांची पाठ धरली, पण संध्याकाळ झाली, की ही बया भिंत ओलांडून माझ्या परसातल्या कडुलिंबावर. त्याच कडुलिंबाला माझी दोरी बांधलेली होती. शिवण्याआधी मांजरपाट भिजवून मी त्या दोरीवर वाळत घालायचो, आणि सकाळी त्याच्यावर लांडीचे आशीर्वाद पडलेले असायचे. रोज संध्याकाळी मी तणतणत तिला खाली ओढायचो आणि भिंतीवरून नानांच्या हातात द्यायचो. नाना तिला छातीशी धरून म्हणायचे, "हिला घर कळंना, काय करावं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं सांगताना माझं तोंड कडू होतं.

ते निजामाचं राज्य. हिवाळ्यात ज्वारी पोटऱ्यात आली, की बीडच्या मोठ्या साहेबाचा दौरा निघायचा. आमच्या गावाबाहेरच्या आमराईत तंबू पडायचे. साहेब चांगला होता की वाईट मला ठाऊक नाही, कारण मी त्याला कधी पाहिला नाही. आम्ही पाहायचो ते त्याचे शिपाई. छातीवर पितळी बिल्ला, कमरेला पट्टा. दूध, तूप, जळण, वैरण, कोंबड्या, जे दिसेल ते साहेबाच्या नावानं उचलायचं आणि निघायचं. आमच्याच ज्वारीच्या पेंढ्या आमच्याच डोक्यावरून आमराईत जायच्या. कुणी तोंड उघडलं, की त्याला तंबू ठोकायला नेत. माझ्या मोठ्या भावाला एकदा असं नेलं, आणि परत आला तेव्हा त्याच्या पाठीवर मेखांच्या मोळीचे वळ होते. मी त्या रात्री जेवलो नाही. दुसरं काय करणार.

कोंबड्यांसाठी शिपाई नेहमी दिवे लागायच्या वेळेला यायचे. दिवसा कोंबडी धरायची तर गावभर पळावं लागतं, आणि पट्टेवाला कोंबडीमागं पळाला, की त्याचा रुबाब राहत नाही. म्हणून आमच्या गावानं एक युक्ती काढली होती. दौऱ्याची कुणकुण लागली, की कोंबड्यांना खुराड्यात घ्यायचंच नाही. हाकलून चिंचेवर चढवायचं. रानमांजर आलं तर एखादी नेईल, शिपाई आला तर खुराडं झाडून नेतो, असा साधा हिशेब.

आता या हिशेबात नानांच्या शाळेतून शिकून गेलेल्या कोंबड्यांचं काय होणार ते सांगायला नको. चांदबीनं आपल्या कोंबड्या चिंचेवर फेकल्या. दिवे लागले तशा त्या उतरल्या आणि ओळीनं घरी आल्या. तिनं पुन्हा फेकल्या, त्या पुन्हा आल्या. शिपाई दारात उभा राहून हसत होता.

दुसऱ्या दिवशी चांदबी चार बाया घेऊन नानांच्या परसात आली. मी भिंतीशी होतो.

"नाना," ती म्हणाली, "तुमी कोंबड्यांना शानं केलं, अन् आमाला खुळं. माझ्या कोंबड्या शिपायाच्या म्होरं आपल्या पायानं चालत गेल्या. आता ह्ये शिकवनं बंद करा."

नाना खुराडं सारवत होते. "शिकिवलेलं मोडता येत न्हाई, चांदबी."

"मग तुमच्या कोंबड्या तरी झाडावर चढवा. साऱ्या गावाच्या कोंबड्या झाडावर, अन् तुमचं खुराडं भरलेलं. लोक काय बोलायलेत, ठावं हाय का?"

"काय बोलायलेत?"

चांदबीनं तोंड फिरवलं आणि बायांना घेऊन ती चालती झाली. बोलली असती तर ते एकच होतं. लोक म्हणत होते, पोरगं तिकडं शिपाई आणि बाप इकडं त्याच्यासाठी कोंबड्या कोंडून ठेवतो. बापलेकांचं संगनमत आहे.

कारण आमच्या गावात कोंबड्या धरायला येणारा तो शिपाई नानांचा मुलगा होता. येसू.

येसू लहान असताना मानमोडीच्या तापाची साथ आली आणि त्याची आई गेली. नानांनी दुसरं लग्न केलं नाही. पोराला एकट्यानं वाढवलं, आणि तो मोठा झाल्यावर बीडच्या कचेरीतल्या कारकुनाचे पाय धरून त्याला शिपाई म्हणून चिकटवला. नाना स्वतः वेठीत राबले होते. साहेबाचे तंबू त्यांनी स्वतःच्या गाडीतून फुकट वाहिले होते, भर सुगीत, स्वतःचं पीक रानात टाकून. पोराच्या कमरेला पट्टा आला, की त्याच्या मानेवर ओझं यायचं नाही, एवढंच त्यांनी बघितलं. त्यात ते चुकले नाहीत. येसूच्या मानेवर कधी ओझं आलं नाही. तो दुसऱ्याच्या मानेवर द्यायला शिकला.

येसू पट्टा घालून पहिल्यांदा दौऱ्याबरोबर आला, ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही. बरोबर बीडचा एक दुसरा शिपाई होता. दोघं परसात आले तेव्हा नाना नेहमीप्रमाणे खुराड्यात, टाचा बाहेर. दुसरा शिपाई पोट धरून हसायला लागला. म्हणाला, "ह्ये कोन हाय बे?"

येसूनं एकदा त्या टाचांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी कात्री हातात धरून भिंतीशी उभा होतो. तो म्हणाला, "हाय एक म्हातारा. कोंबड्या चांगल्या पाळतो."

खुराड्यातलं 'कुर्र कुर्र' थांबलं. क्षणभर नुसता पिलांचा आवाज. मग नाना हळूहळू मागं सरकत बाहेर आले, डोक्याला पिसं चिकटलेली, आणि त्यांनी कोंबड्या काढून दिल्या. दोघं गेल्यावर मी नानांकडे बघू शकत नव्हतो. नानाच भिंतीशी आले. त्यांचे डोळे ओले होते की धुरकटलेले, सांगता येणार नाही. ते म्हणाले, "ऐकलंस का, दामू? कोंबड्या चांगल्या पाळतो, म्हणला."

त्यानंतर दर हिवाळ्यात येसू यायचा. एकटा यायचा, बसायचा नाही. नाना तांब्या पुढं करायचे, तो उभ्यानं पाणी प्यायचा. नाना विचारायचे, "रातीला ऱ्हातूस का?" तो म्हणायचा, "साहेब तंबूत हाय." मग नाना स्वतः खुराड्यात हात घालून कोंबड्या बाहेर काढायचे आणि त्यांचे पाय बांधायचे. सुंभानं कोंबडीचे पाय कापतात, म्हणून दौरा यायच्या आधी ते माझ्याकडे येऊन मऊ चिंध्या मागून न्यायचे. कापल्या जाणाऱ्या कोंबडीचे पाय दुखू नयेत म्हणून जुन्या धोतराच्या चिंध्या! मी द्यायचो. येसू कोंबड्या उलट्या लटकावून जायचा, आणि नाना त्याच्या पाठमोऱ्या पट्ट्याकडे तो आमराईच्या वळणाला दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचे.

चांदबी बाया घेऊन आली होती, त्याच दिवशी मी नानांना बोललो. मला गावाचंही पटत नव्हतं आणि नानांचंही.

"नाना, एक वर्ष खुराडं मोकळं ठेवा. येसू आला तर मोकळ्या हातानं जाईल. गावाचं तोंड बंद व्हईल."

नानांनी हातातलं शेण बादलीत टाकलं. "मोकळ्या हातानं जायचं असलं, तर तो येईल कशाला?"

मला पहिल्यांदा कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, पिलाला समजावतात तसं.

"साहेबाला कोंबडी लागती, म्हणून त्येचे पाय हिकडं वळत्यात. हितं खुराडं रिकामं हाय असं कळलं, की तो दुसऱ्या आळीला जाईल. मी बोलावून तो येत न्हाई, दामू. बोलावून बघितलंय. पण खुराडं भरलेलं असलं, की येतोय."

त्यांनी भिंतीचा सुटलेला पोपडा बोटानं दाबून बसवला. मग म्हणाले, "त्येची आई गेली तवा तो घरात झोपंना. अंधारलं, की पळायचा. कधी देवळात, कधी तुझ्या बापाच्या दुकानात कापडात. मी रोज हुडकून आणायचो. मारलं न्हाई कधी. मग मी काय करायचो, दिवा लावायचो अन् आधी आपण आत जाऊन पडायचो. दार उघडं ठेवायचो. तो लई येळ दारात हुबा ऱ्हायचा. मग यायचा. माझ्या बगलेत येऊन निजायचा."

बापाकडे यायला पोराला साहेबाच्या ताटातल्या कोंबडीचं निमित्त लागावं, हे ऐकून मला येसूचा इतका राग आला, की त्या दिवशी मशीनवर माझ्या हातून सरळ शिवण पडेना. नानांचाही राग आला. इतकं कशाला जीव लावायचा माणसानं.

गावानं मात्र आपलं केलं. नानांकडे पिलं यायची बंद झाली. बाया त्यांच्या दारावरून जाताना पदर ओढून जायला लागल्या. नानांची शाळा मोडली, आणि परसात फक्त त्यांच्या स्वतःच्या कोंबड्या उरल्या. त्या वर्षी नानांनी त्यांना इतकं शिकवलं, की करवंटी न वाजवताच त्या आत जायला लागल्या. लांडी तेवढी माझ्या कडुलिंबावर.

हिवाळा आला. दौऱ्याची खबर आली, तशी गावातली सारी कोंबडी झाडावर गेली. नाना माझ्याकडून चिंध्या घेऊन गेले. खुराडं सारवलं, दारासमोर सडा टाकला, घोंगडी झटकून अंगणात अंथरली, न जाणो बसला तर. दिवे लागायच्या वेळेला ते खुराड्यात शिरले नाहीत. डोक्याला नीट पटका बांधून, तांब्या भरून, दाराशी उभे राहिले.

आला तो दुसराच शिपाई. कोवळा, नवा, बिल्ला अजून चकचकीत. परसात येऊन इकडंतिकडं बघत म्हणाला, "शिंप्याच्या शेजारचं घर ह्येच ना? खुराडं कुटं हाय?"

नाना म्हणाले, "येसू कुटं हाय?"

"चावडीवर बसलाय बिडी वडत. त्येनंच सांगितलं. म्हणला, त्या म्हाताऱ्याकडं जा, पळापळ करायचं काम न्हाई. हात घातला की झालं, समद्या आतच असत्यात."

नानांनी हातातला तांब्या खाली ठेवला. चावडी तिथून हाकेच्या अंतरावर होती. तिथल्या हसण्याचा आवाज येत होता.

"त्येला म्हणावं, तू ये," नाना म्हणाले. "तो आला तर देतो."

"मला कशाला सांगायलास बे म्हाताऱ्या? हो बाजूला."

आणि मग नानांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. त्यांनी खुराड्याची फळी काढून फेकली, कोनाड्यातला दिवा फुंकला आणि आत हात घालून ते एकेक कोंबडी बाहेर भिरकावायला लागले. "हुश्श! जावा! झाडावर जावा!" ज्यांनी पिलावर कधी हात उगारला नव्हता ते काठी आपटत परसभर धावत होते. कोंबड्या घाबरून उडाल्या. कुणी भिंतीवर, कुणी माझ्या दोरीवर, कुणी कडुलिंबाच्या खालच्या फांदीवर. नवा शिपाई तोंड उघडं टाकून बघत राहिला. मला वाटलं, सुटल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या झाडावर कोंबड्या बसलेल्या बघून खूश झालो.

पण अंधारून येत होतं. आधी तपकिरी उतरली. भिंतीवरून टुणकन परसात आली, मान वर करून नानांकडे बघितलं आणि खुराड्याकडे चालायला लागली. नानांनी तिला हाकललं. तोवर दुसरी आली. मग दोरीवरच्या आल्या. नाना दारात पाय फाकून उभे राहिले, त्या पायांमधून आत गेल्या. नाना दाराला पाठ लावून खाली बसले, तर त्या त्यांच्या कुशीतून वाट शोधायला लागल्या. वाट मिळेना, तशा त्यांच्या मांडीवर, खांद्यावर चढून बसल्या आणि पंख मिटून घेतले. त्यांच्या दृष्टीनं तेच घर होतं.

शिपाई हसत पुढं आला आणि नानांच्या अंगावरून कोंबड्या वेचायला लागला, झाडावरचे पेरू तोडावेत तशा. नानांनी अडवलं नाही. शेवटची कोंबडी त्यानं मांडीवरून उचलली, तेव्हा नानांनी कमरेच्या चिंध्या काढून त्याच्यापुढं धरल्या.

"पाय आवळू नको," ते म्हणाले.

तो गेला, आणि माझ्या डोक्यात तिडीक उठली. भिंतीवरून उडी मारून मी चावडीकडे निघालो. सगळ्यांसमोर येसूच्या कमरेचा पट्टा ओढायचा, त्याला त्याचं नाव आणि बापाचं नाव विचारायचं, मग पुढं जे होईल ते होवो. नानांनी बसल्या जागेवरून माझं मनगट धरलं. सत्तरीच्या हाताला एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं.

"जाऊ नको, दामू. चार लोकांत त्येची मान खाली जाईल."

"जाऊ द्या की जरा!"

"न्हाई," ते म्हणाले. "मी त्येला कधी मारलं न्हाई."

मी बसलो. अंगणात अंथरलेल्या घोंगडीवर बसलो, कारण दुसरं कुणी बसणार नव्हतं. तांब्यातलं पाणी तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी तंबू उठले. संध्याकाळी मी दोरीवरचं कापड काढायला परसात गेलो, तर कडुलिंबावर लांडी बसलेली. काल एवढा गोंधळ झाला, पण तिनं फांदी सोडली नव्हती. नाना भिंतीशी उभे होते. हातात करवंटी, करवंटीत कण्या. खुराड्याची फळी काल फेकली होती तिथंच पडलेली. मी सवयीनं हात वर केला, लांडीला खाली घेतलं आणि भिंतीवरून त्यांच्यापुढं धरलं.

नानांनी घेतली नाही.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ठेव तिला वर."

"नाना?"

"समद्यांत ही एकटीच घरी आली न्हाई. म्हणून हाय." मग त्यांनी बीडच्या रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. "येसूचंबी बराबर हाय, दामू. घरी आला असता, तर माझ्यासारखा जुवाखाली गेला असता."

मी लांडीला परत फांदीवर बसवलं. नाना भिंत ओलांडून माझ्या परसात आले, करवंटीतल्या कण्या कडुलिंबाखाली पसरल्या आणि पाठीला हात लावत घरात गेले. त्यानंतर ते खुराड्यात शिरलेले मला दिसले नाहीत. रात घरात, असंही कुणाला म्हणाले नाहीत.

सकाळी मी माझी दोरी कडुलिंबाची सोडली आणि पलीकडच्या खांबाला बांधली.